एकशे आठमध्ये खरोखर काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा होता: १०८ ही संख्या गणिताच्या नजरेतून खरंच वेगळी आहे, की जपमाळेमुळे आणि श्रद्धेमुळे मोठी झाली? आणि सूर्य पृथ्वीपासून स्वतःच्या व्यासाच्या १०८ पट लांब आहे, असा जो संदेश फोनवर फिरतो, तो बरोबर आहे का?

मी शाळेत गणित शिकवत आलो आहे आणि लसावि-मसावि शिकवताना दरवर्षी ही संख्या फळ्यावर येते. त्यामुळे उत्तर आधी देतो. १०८ गणिताच्या दृष्टीने चांगली आहेच. तिचा चांगुलपणा एकाच ओळीत मावतो: १०८ = २ × २ × ३ × ३ × ३. यापलीकडे तिच्यात फारसं काही नाही, पण एवढं पुरेसं आहे. भारतात आणि भारताबाहेर ही संख्या जिथे जिथे भेटते, त्यातल्या बहुतेक ठिकाणी या ओळीतूनच आलेली दिसते. सूर्याचा संदेश मात्र जवळपास बरोबर आहे, तंतोतंत नाही. त्याचे आकडे पुढे देतो.

आधी ती ओळ नीट बघू. मूळ अवयव फक्त दोन आणि तीन, म्हणून विभाजक भरपूर: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, २७, ३६, ५४ आणि १०८. एकूण बारा. स्वतः १०८ सोडून बाकीच्यांची बेरीज १७२, म्हणजे संख्येपेक्षाही जास्त. तीच ओळ १¹ × २² × ३³ अशीही लिहिता येते. एकचा एक घात, दोनचा दुसरा, तीनचा तिसरा. हे मुलांना दाखवलं की वर्ग क्षणभर शांत होतो. मला स्वतःला या संख्येचं सगळ्यात देखणं रूप हेच वाटतं. याच्या पुढची पायरी, म्हणजे ४⁴ ने गुणल्यावर, एकदम २७,६४८ वर जाते. माणसाच्या हातात मावेल अशी शेवटची पायरी १०८ हीच.

आता तिचे शेजारी पाहा. १०७ मूळ संख्या, १०९ मूळ संख्या. अशा जोडीला जोडमूळ संख्या म्हणतात. ज्यांना कोणीच भाग देत नाही अशा दोन संख्यांच्या मधोमध बारा विभाजकांची संख्या बसलेली आहे. यात चमत्कार नाही. लागोपाठच्या तीन संख्यांत एक तरी सम असते आणि एकीला तीनने भाग जातोच. दोन्ही कडेच्या संख्या मूळ असतील, तर तो सगळा भार मधलीवर येतो. म्हणून ३ आणि ५ ही जोडी सोडली, तर प्रत्येक जोडमूळ जोडीच्या मधली संख्या सहाच्या पाढ्यातलीच असते. १०८ त्यातली एक.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १ + ० + ८ = ९, आणि १०८ ला ९ ने भाग जातो, म्हणून ती दैवी, असं बरेच जण लिहितात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला देवळालीचे शिक्षक आणि संख्यांचे मोठे मित्र द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद संख्या’ असं सुंदर नाव दिलं. १०८ हर्षद आहे, १०८ भागिले ९ बरोबर १२. पण ११७ ही हर्षद आहे, १२६ ही आहे, १३५ ही आहे. अंकांची बेरीज ९ आली की संख्येला ९ ने भाग जाणारच. शिवाय अंकांची बेरीज ही आपल्या दशमान लेखनाची गोष्ट आहे. सहाच्या पायावर हीच संख्या ३०० अशी लिहिली जाईल, बाराच्या पायावर ९०, तीनच्या पायावर ११०००. लेखन बदललं की अंकांची बेरीज बदलते. अवयव बदलत नाहीत. म्हणून ‘एक म्हणजे ईश्वर, शून्य म्हणजे पूर्णत्व, आठ म्हणजे अनंत’ अशा अर्थांना मी संख्येचा गुणधर्म मानत नाही. ज्यांना त्यातून भाव मिळतो त्यांनी तो घ्यावा, पण तो अंकांच्या चिन्हांचा अर्थ झाला, संख्येचा नव्हे.

आता मुख्य गोष्ट, ती ओळ संस्कृतीत कुठे दिसते.

सगळ्यात जवळून बघण्याजोगा दाखला जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात आहे. सहाव्या अध्यायात कर्म आत येण्याची कारणं मोजताना एक सूत्र येतं आणि त्याच्या शेवटाकडे शब्द आहेत ‘त्रिस्त्रिस्त्रिश्चतुः’. तीन, तीन, तीन, चार. काय मोजलं आहे? एखादं कृत्य करायचं ठरवणं, त्याची सामग्री जुळवणं आणि प्रत्यक्ष सुरू करणं, या तीन अवस्था: संरंभ, समारंभ, आरंभ. प्रत्येक अवस्था मनाने, वाणीने किंवा देहाने घडते. ती आपण स्वतः केलेली असते, दुसऱ्याकडून करवून घेतलेली असते किंवा दुसऱ्याने केलेल्याला नुसती मान्यता दिलेली असते. आणि मागे क्रोध, मान (गर्व), माया (कपट), लोभ यांपैकी काहीतरी एक असतं. ३ × ३ × ३ × ४. सूत्रकाराने उत्तर लिहिलेलं नाही, नुसते अवयव दिले आहेत, आणि ते थेट आपल्या ओळीतले अवयव आहेत. गुणाकार वाचणाऱ्याने करायचा आणि १०८ वर पोचायचं. रागाच्या भरात मनातल्या मनात दुसऱ्याच्या वाईट कृत्याला मान डोलावणं हाही त्या १०८ पैकी एक स्वतंत्र प्रकार आहे, हे लक्षात आलं की यादीची सूक्ष्मता अंगावर येते.

बौद्धांच्या पाली ग्रंथांत, संयुत्त निकाय या संग्रहात ‘अट्ठसत सुत्त’ आहे. अट्ठसत म्हणजेच एकशे आठ. तिथे वेदना, म्हणजे अनुभवातली जाणीव, एका पाठोपाठ एक अशा प्रकारे मोजली आहे: दोन, तीन, पाच, सहा, अठरा, छत्तीस आणि एकशे आठ. सहा इंद्रियं (मन धरून), प्रत्येकाचे सुख, दुःख आणि उपेक्षा असे तीन प्रकार, झाले अठरा. संसारातले आणि वैराग्यातले असे दोन भाग, झाले छत्तीस. भूत, भविष्य, वर्तमान यांनी गुणले की एकशे आठ. जैनांनी कर्माची कारणं मोजली, बौद्धांनी जाणिवा मोजल्या. विषय निराळे, विभागण्याच्या रीती निराळ्या, आणि तरी उत्तर एकच.

याचं कारण मला असं दिसतं. माणूस एखाद्या गोष्टीचे प्रकार पाडायला बसला की बहुतेक वेळा दोन, तीन किंवा चार प्रकार पाडतो. आत-बाहेर, काल-आज-उद्या, मन-वाणी-देह, चार दिशा. पाच-सात प्रकारांच्या यादी असतात, पण त्या गुणत नेल्या की डोक्यात ठेवणं अवघड होतं. दोन आणि तीनच्या विभागण्या चार-पाचदा एकमेकींवर घातल्या की ७२, ८१, १०८, १४४ अशा संख्यांच्या परिसरातच आपण उतरतो. १०८ त्यात अशी की तिच्यात दोनलाही जागा आहे आणि तीनलाही, आणि ती शंभराच्या लगेच पुढे आहे. ‘अष्टोत्तरशत’ म्हणजे शंभरावर आठ हे म्हणायला, लक्षात ठेवायला सोपं.

पण आकाशातलं १०८ मला याहूनही मोलाचं वाटतं, कारण तिथे ही संख्या वेगळी निवडावी लागत नाही, हिशोबात आपोआप येते.

राशीचक्राच्या दोन विभागण्या आपण एकाच वेळी वापरतो. सूर्याच्या वार्षिक वाटेच्या बारा राशी, आणि चंद्राच्या महिन्याच्या वाटेची सत्तावीस नक्षत्रं. राशी ३० अंशांची, नक्षत्र १३ अंश २० कलांचं (६० कला म्हणजे एक अंश). दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की खुणा जुळत नाहीत. मेष राशीत अश्विनी पूर्ण बसते, भरणी पूर्ण बसते आणि कृत्तिकेचा थोडाच तुकडा येतो. आता विचारा: वर्तुळाचे कमीत कमी किती समान भाग केले, म्हणजे राशीची आणि नक्षत्राची प्रत्येक सीमा कुठल्या तरी खुणेवरच पडेल? हा सरळ लसाविचा प्रश्न. १२ = २² × ३, २७ = ३³, दोघांचा लसावि २² × ३³, म्हणजे १०८. प्रत्येक नक्षत्राचे चार भाग, त्यांना आपण चरण किंवा पाद म्हणतो. प्रत्येक राशीचे नऊ भाग, त्यांना नवमांश म्हणतात. दोन्ही एकाच मापाचे, ३ अंश २० कला. मेषेत अश्विनीचे चार, भरणीचे चार आणि कृत्तिकेचा एक, मिळून नऊ.

बारशाच्या वेळी पंचांगात बघून नावाचं आद्याक्षर काढतात, ते याच १०८ खणांतून. अश्विनीची अक्षरं चू, चे, चो, ला, चार चरणांना चार. प्रत्येक नक्षत्राची अशी चार, सत्तावीस चोक एकशे आठ. जुन्या याद्यांत अभिजित धरून २८ नक्षत्रंही आढळतात. २८ चोक ११२, आणि ११२ ला बाराने पूर्ण भाग जात नाही. बारा राशींशी घडी बसते ती २७ धरल्यावरच. लसावि शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. आगगाडीच्या घंटा आणि दिव्यांच्या उघडझापीची उदाहरणं पाठ्यपुस्तकात असतात, पण हे मुलाच्या स्वतःच्या नावात असतं.

एक पाऊल पुढे जाऊ. पूर्ण वर्तुळाच्या कला ३६० × ६० = २१,६००. त्याला १०८ ने भागलं की बरोबर २०० कला, एका चरणाच्या. आता कालगणना पाहा. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात सहा प्राणांची एक विनाडी, साठ विनाडींची एक नाडी, साठ नाडींचा एक नाक्षत्र दिवस, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेला दिवस. ६ × ६० × ६० = २१,६००. प्राण म्हणजे एक श्वासोच्छ्वास, आपल्या चार सेकंदांएवढा. आर्यभटाने हे श्लोकाच्या एका तुकड्यात बांधलं: ‘प्राणेनैति कलां भूः’, एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते. पृथ्वी फिरते हे तर त्याने म्हटलंच, पण कोनाचं माप आणि काळाचं माप श्वासाने जोडून टाकलं. योगाच्या परंपरेत माणूस दिवसाला २१,६०० श्वास घेतो असं जे म्हणतात, ते याच आकड्यावर उभं आहे. मिनिटाला १५ श्वास झाले, आणि निरोगी प्रौढ माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. म्हणजे आकडा हवेतला नाही, पण तो मोजून आलेला नसून वर्तुळाच्या कलांवरून ठरवलेला दिसतो. निम्म्या श्वासांवर जप करायचा तर १०,८००, आणि मनातल्या जपाचं फळ शंभरपट मानलं तर १०८, असा माळेचा एक पारंपरिक हिशोब सांगतात.

१०,८०० हा आकडा त्याहून जुना आहे. शतपथ ब्राह्मणात अग्निचयनाच्या, म्हणजे यज्ञवेदी रचण्याच्या विधीच्या, विटा १०,८०० सांगितल्या आहेत, कारण दिवसाचे ३० मुहूर्त आणि वर्षाचे ३६० दिवस यांचा गुणाकार तेवढा होतो. वेदी म्हणजे वर्ष, प्रत्येक वीट म्हणजे एक मुहूर्त. युगांचे आकडेही याच कुळातले: कलियुगाची ४,३२,००० वर्षं म्हणजे १०८ × ४,०००.

जपमाळेबद्दल व्यवहाराची एकच गोष्ट सांगतो. माळ १०८ मण्यांची, वर मेरुमणी वेगळा. लहान माळा ५४ किंवा २७ मण्यांच्या असतात. २७ ची माळ चारदा, ५४ ची दोनदा, हिशोब कुठेच मोडत नाही. शंभराची माळ केली असती तर अर्धी आणि पाव झाली असती, तिसरा भाग करता आला नसता. वरचे आठ मणी मोजणीत राहिलेल्या चुकांसाठी, असंही परंपरा सांगते.

आता सूर्य. संदेशात तीन दावे असतात. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०८ पट, सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या १०८ पट, चंद्राचं अंतर त्याच्या व्यासाच्या १०८ पट. सूर्याचा व्यास सुमारे १३,९२,७०० किमी आणि पृथ्वीचा विषुववृत्तावरचा १२,७५६ किमी, भागाकार १०९ च्या थोडा वर. सूर्याचं सरासरी अंतर १४,९६,००,००० किमी, त्याला व्यासाने भागलं की सुमारे १०७.४. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किमी, व्यास ३,४७५ किमी, भागाकार ११०.६. म्हणजे तिन्ही जवळ आहेत, एकही १०८ नाही. शिवाय कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने अंतर सतत बदलतं. सूर्याच्या बाबतीत हा भागाकार वर्षभरात साधारण १०५.६ पासून १०९.२ पर्यंत जातो, म्हणजे बरोबर १०८ तो वर्षातून दोनदा गाठतो आणि पुढे जातो. चंद्राचा तर १०३ च्या आसपासपासून ११७ पर्यंत हलतो.

पण हा दावा खोडून टाकून थांबू नका, कारण खरी गोष्ट त्याच्या मागे आहे. सूर्य आणि चंद्र यांचे भागाकार एकमेकांच्या इतके जवळ आहेत, म्हणूनच ते आकाशात एकाच आकाराचे, साधारण अर्ध्या अंशाचे दिसतात, आणि म्हणूनच खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला नेमका झाकतो. चंद्र लांब असताना तेच ग्रहण कंकणाकृती होतं. हे हाताने पडताळता येतं. जाड कागदाचा एक सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा, पौर्णिमेच्या चंद्रासमोर खिडकीच्या काचेवर चिकटवा, एक डोळा मिटा आणि मागे सरकत जा. चंद्र सरासरी अंतरावर असेल, तर काचेपासून डोळा साधारण एक मीटर दहा सेंटिमीटरवर असताना तो गोलाच्या मागे जेमतेम झाकला जातो. आणखी दोन-चार सेंटिमीटर मागे गेलात की चंद्राची कड कागदाबाहेर डोकावते. हा प्रयोग फक्त चंद्रावर करायचा. सूर्याकडे असं कधीही बघू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

राशी-नक्षत्रांशी काहीही संबंध नसलेलं एक १०८ भूमितीत आहे. सुसम पंचकोनाच्या पाच आंतरकोनांची बेरीज ५४०, एकेक कोन १०८ अंशांचा. कागदाची सारख्या रुंदीची लांब पट्टी घ्या, दोऱ्याला मारतो तशी साधी गाठ मारा आणि न चुरगळता अलगद ओढत सपाट दाबा. समोर सुसम पंचकोन येतो. उजेडासमोर धरला की आत कर्णांच्या रेषाही दिसतात. पंचकोनाच्या एका शिरोबिंदूतून निघणारे दोन कर्ण त्या १०८ अंशांच्या कोनाचे ३६-३६ अंशांचे तीन समान भाग करतात, आणि कर्ण व बाजू यांचं गुणोत्तर येतं १.६१८…, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर. याच कोनामुळे सुसम पंचकोनाच्या फरश्यांनी जमीन भरता येत नाही: तीन फरश्या एका बिंदूपाशी ३२४ अंश व्यापतात, ३६ अंशांची फट राहते, आणि चौथी त्यात मावत नाही. मात्र वर्तुळाचे ३६० अंश ही माणसाने ठरवलेली गोष्ट आहे, तेव्हा इथला १०८ हा आकडा अर्धा भूमितीचा आणि अर्धा त्या ठरावाचा.

काही ठिकाणी मात्र हा गुणाकार नसतो आणि तिथे ओढूनताणून शोधू नये. होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्यात नायकाच्या बायकोशी, पेनेलोपीशी, लग्न करायला आलेले वर चार बेटांवरून मोजले आहेत: ५२, २४, २० आणि १२. बेरीज १०८. जैन परंपरेत पंचपरमेष्ठींचे, म्हणजे पाच पूजनीय पदांचे, गुण १२, ८, ३६, २५ आणि २७, बेरीज पुन्हा १०८. चिनी वीरकथेतले लियांगशानचे बंडखोर ३६ आणि ७२ असे दोन गट मिळून १०८. कंबोडियातल्या अंगकोर थोम या जुन्या नगरीच्या प्रत्येक दरवाज्यासमोर एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर नाग धरून बसलेले आहेत. जपानमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री बौद्ध मंदिरांत १०८ क्लेशांसाठी, म्हणजे मनाच्या विकारांसाठी, १०८ घंटानाद होतात. रूढीप्रमाणे १०७ सरत्या वर्षात आणि एक मध्यरात्र उलटल्यावर. नाट्यशास्त्रात १०८ करणं, म्हणजे नृत्यातल्या मूळ हालचाली, आहेत, मुक्तिकोपनिषदात १०८ उपनिषदांची यादी आहे. यांतल्या काही ठिकाणी संख्या आधी पवित्र झाली आणि यादी तिच्यापर्यंत नेली गेली, असं मला वाटतं. त्यात गैर काही नाही, पण तो संख्येचा इतिहास झाला, गणित नव्हे. रुग्णवाहिकेचा १०८ तर निव्वळ दूरध्वनी क्रमांक, आंध्र प्रदेशात २००५ साली सुरू झालेला आणि पुढे इतर राज्यांत पोचलेला.

शेवटचा एक १०८, जो कुठल्याच परंपरेने निवडलेला नाही आणि अवयवांतूनही येत नाही. सारख्या मापाचे सात चौरस कडेला कड लावून जोडा. फिरवून किंवा उलटून जुळणारे आकार एकच धरले, तर किती वेगवेगळे आकार तयार होतील? सहा चौरसांचे ३५ होतात, आठांचे ३६९, आणि सातांचे बरोबर १०८. चौकटीच्या वहीत सुट्टीत करून बघण्यासारखं काम आहे. मुलं शंभरापर्यंत पोचतात आणि मग उरलेले शोधत बसतात. या १०८ आकारांपैकी एकाच्याच पोटात भोक आहे: आठ चौरसांची पोकळ चौकट आणि तिचा एक कोपरा काढलेला. १०८ आकारांचे मिळून ७५६ चौरस होतात, म्हणजे २७ × २८ चा आयत भरेल असं वाटतं. पण त्या एका आकाराच्या पोटातलं घर दुसरा कुठलाच सात चौरसांचा तुकडा भरू शकत नाही, म्हणून तो आयत कधीच पुरा होत नाही.